शरयू मॅडम आमच्या ओघळीत उतरल्या तेव्हापासून

सगळ्यात आधी आला तो जीपचा ड्रायव्हर, आणि तोही मागच्या दारानं. "मावशी, पाणी मिळेल का? आणि इथं खाली उतरायला वाट कुठून आहे?" मी म्हटलं, झालं, जमीन पाहणारे आले. आमच्याकडे मळ्यात जीप शिरली म्हणजे एकतर केळीचा व्यापारी, नाहीतर कोणाची तरी जमीन कोणाच्या तरी डोळ्यात भरलेली. त्याच्या मागून कॉलेजातली चार मुलंमुली आली. कोणाच्या खांद्यावर तिपाई, कोणाच्या हातात दोरीचं भेंडोळं. मी तांब्या घेऊन उभी, तेवढ्यात ओघळीच्या आतून बाईमाणसाचा आवाज आला, "अरे, आधी घरच्यांना विचारा, मग उतरा!"

मी काठावर जाऊन वाकून पाहिलं. खाली मातीत बसलेल्या, चष्मा हातात, साडीला पिवळी माती. मी म्हटलं, "बाई, तुम्ही तर न विचारताच उतरल्या!"

त्या वर बघून म्हणाल्या, "मी उतरले नाही हो अक्का, घसरले."

ही आमची आणि डॉ. शरयू मॅडमची पहिली ओळख. आज त्यांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत आणि त्यांचे विद्यार्थी हा गौरवग्रंथ काढत आहेत. यात मोठमोठ्या शिकलेल्या माणसांचे लेख असतील. माझी शाळा तिसरीत सुटली. पण मुलं घरी येऊन बसली, म्हणाली, अक्का, तुम्ही लिहिल्याशिवाय मॅडमना पुस्तक पुरं वाटणार नाही. मग लिहायला घेतलं. ऱ्हस्व-दीर्घ माझ्या सुनेनं, कल्पनानं, पाहून दिले आहेत. बोलता बोलता कुठं आडवाटेला गेले तर ती मात्र माझीच खोड समजावी.

आमचं घर रावेरच्या पुढं, तापीकडच्या अंगाला, मळ्यातच आहे. घराच्या उगवतीला ओघळ. तापीकाठी अशा ओघळी पुष्कळ. पावसाचं पाणी माती कापत कापत नदीकडं जातं, त्याच्या या वाटा. मी लग्न होऊन आले तेव्हा घर आणि ओघळ यांच्या मधून भरलेली बैलगाडी वळत असे. मॅडम आल्या त्या वर्षी तिथून मोटारसायकल जपून न्यावी लागायची. नात तेव्हा नुकती चालायला लागली होती. कल्पना तिला अंगणात सोडायचीच नाही. पोरीच्या कमरेला ओढणी बांधून दुसरं टोक खाटेच्या पायाला. मला ते पाहवत नसे. माझा मुलगा भास्कर म्हणायचा, "आई, दोन पावसाळे काढू, मग गावात खोली बघू." मी तोंड फिरवून घ्यायची. या घरात मी तीन लेकरं वाढवली, मालक इथंच गेले. घर सोडून गावात भाड्यानं राहायचं हे मला पटत नव्हतं, पण ओघळीला कोण सांगणार?

मॅडमचा विषयच तो. माणूस जमिनीचं रूप कसं बदलतो आणि त्या बदलाचा हिशोब कसा करायचा. त्यांनी मला पहिल्याच दिवशी कांदा चिरत असताना समजावून सांगितलं. हो, कांदा त्यांनीच चिरला. मी म्हटलं बसा, तर म्हणाल्या, हात रिकामे असले की मला बोलता येत नाही. म्हणाल्या, "अक्का, डोंगर, नद्या, ओघळी पाण्यावाऱ्यानं घडल्या. त्याला फार काळ लागला. आता पोकलँड आणला की आठ दिवसांत टेकडी सपाट होते. पाण्याला मात्र ते कोणी कळवत नाही. ते आपली जुनी वाट शोधत येतं." मी म्हटलं, "आमच्या घरात का मग?" त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तेच मोजायला आले आहे."

ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा आणि तो कांदा. पोरांना वाटलं मॅडम खुर्चीवर बसतील, त्या चुलीपाशी पाटावर बसल्या.

मग त्यांनी ओघळीच्या दोन्ही कडांना लोखंडी सळया ठोकल्या. हातभर लांब, बारीक. पार आत, फक्त नखाएवढं डोकं बाहेर. त्या पोरांशी इंग्रजीतून काहीतरी बोलल्या आणि मला म्हणाल्या, "अक्का, या सळयांकडं लक्ष असू द्या. गुरं येतात, पोरं येतात, कोणी काढून नेऊ नये." मी म्हटलं, काळजीच करू नका.

आणि मी लक्ष दिलं हो! एवढं लक्ष मी स्वतःच्या गुडघ्याकडं दिलं नसेल. पावसाळा लागला. एक जोराचा पाऊस झाला की मी काठी टेकत खाली उतरायची आणि बघायची, तर सळया बाहेर आलेल्या. मला वाटलं, माती भिजून सैल झाली, सळया निसटायला लागल्या. बाईंनी विश्वासानं सोपवलेली वस्तू. मग मी खलबत्त्यातला बत्ता न्यायची आणि एकेक सळई ठोकून पुन्हा होती तशी बसवायची. नखाएवढं डोकं बाहेर. भास्कर म्हणायचा, "आई, पाय घसरंल." मी म्हणायची, "जबाबदारी घेतली हाये मी." सबंध पावसाळाभर हे चाललं.

दिवाळीनंतर मॅडम आल्या. पोरं पट्ट्या घेऊन खाली उतरली. एकानं हाक मारली, "मॅडम, काहीच नाही! पहिल्या दिवशी होत्या तशाच आहेत." दुसऱ्या कडेचीही तीच गत. मॅडम स्वतः उतरल्या, या वेळी नीट. सळईला हात लावून बसून राहिल्या. मग काठाकडं पाहिलं. काठ तर डोळ्यांना दिसण्यासारखा घराकडं सरकलेला. मोटारसायकलची वाटही उरली नव्हती. माती गेली आणि सळई जागच्या जागी, हे कसं?

मी वरून ऐटीत म्हटलं, "एक नाही हलू दिली, मॅडम! बाहेर आली का ठोकली, बाहेर आली का ठोकली."

चारही पोरं माझ्याकडं बघतच राहिली. मॅडमनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं रडतात की काय. त्या हसत होत्या. हसता हसता ओघळीत खाली बसल्या, डोळे पुसले, पुन्हा हसल्या. मग वर येऊन त्यांनी मला खाटेवर बसवलं आणि समजावलं. सळई हलत नाही, माती जाते. जेवढी सळई उघडी पडेल तेवढी माती वाहून गेली, असं ते माप. ज्या मापावर माझ्या घराचा निकाल ठरायचा होता, ते मीच बत्त्यानं ठोकून आत घातलं होतं.

मी म्हटलं, "बाई, तुमचं वर्ष मी मातीत घातलं." त्या म्हणाल्या, "चूक माझी. लक्ष ठेवा म्हणाले, कशासाठी ते सांगितलंच नाही. पोरांना इंग्रजीत सांगत बसले."

एक मुलगा हळूच म्हणाला, "मॅडम, आपण मोजलेल्या दुसऱ्या ओघळींच्या मापावरून इथलं अंदाजे भरून टाकू का? कोणाला कळणार आहे?" मॅडमचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा चढलेला ऐकला. "नाही. बिघडलं तर बिघडलं असं लिहायचं." मग माझ्याकडं पाहून हळू म्हणाल्या, "कोणी बिघडवलं ते लिहायची गरज नाही." त्या वर्षीच्या अहवालात तसंच आहे म्हणे. एवढ्या शिकलेल्या बाईनं स्वतःचं वर्ष वाया गेल्याचं स्वतःच्या हातानं लिहून ठेवलं. माझं नाव झाकलं, स्वतःची चूक झाकली नाही. मला मॅडमचा मोठेपणा यातच दिसला. पुढचे मानसन्मान मला नंतर पेपरातून कळले.

जाताना त्यांनी विचारलं, "अक्का, ठोकायच्या आधी किती बाहेर आलेल्या असायच्या, आठवतं?" आठवत कसं नाही! पोळ्याच्या आधीच्या पावसात खालच्या ओळीला दोन बोटं, घराकडच्या ओळीला चार. गणपतीत एका रात्रीत पाच. मी बोटं लावून दाखवली. त्या अवाक झाल्या. म्हणाल्या, "पुढच्या पावसाळ्यात हेच करायचं. पण ठोकायचं नाही. नुसती बोटं लावायची आणि वहीत तेवढ्या रेघा मारायच्या." मला वही दिली. सळयांच्या डोक्यांना लाल रंग दिला, माझ्या भरवशावर नको म्हणून नव्हे, मला लांबून दिसाव्यात म्हणून. असं त्या म्हणाल्या. मी काही फार चौकशी केली नाही.

पुढच्या पावसाळ्यात मी रेघा मारल्या. मॅडमनी माझ्या बोटांना आधी पट्टी लावून बघितली, कोणत्या बोटाची रुंदी किती. पोरं हसायला लागली तर त्यांना म्हणाल्या, "हसू नका, तुमच्या यंत्राची बॅटरी संपते, यांच्या बोटांची नाही." मधल्या काळात एकदा मला जीपमधून रावेरच्या रस्त्याला नेऊन आणलं. रस्त्यासाठी मुरूम काढून काढून तिथली एक टेकडी अर्धीच राहिली आहे, भाकरीचा चतकोर तोडावा तशी. मी रोज एसटीतून तिच्यासमोरून गेले होते, पण पाहिली त्या दिवशी. मॅडम म्हणाल्या, "टेकडी का तोडली असं मी म्हणत नाही अक्का, रस्ता तर आपल्यालाच पाहिजे. तोडण्याआधी पाण्याला विचारलं का, एवढंच माझं म्हणणं." त्यांचं स्वतःचं घर जळगावात मेहरूणला, तलावाजवळ. तिथल्याही काठाची त्या अशीच चौकशी करत असतात, असं त्यांची मुलं सांगतात.

आता निकालाची गोष्ट.

दोन पावसाळ्यांनंतर मॅडम आल्या तेव्हा भास्करनं आपलं ठरवून टाकलं होतं. उन्हाळ्यात पोकलँड लावायचा, मागचं टेकाड कापायचं, ती माती ओघळीत ढकलायची. ओघळ बंद, घर वाचलं आणि वरून केळीला दीड-दोन एकर सपाट जमीन. मशीनवाल्याशी बोलणंही झालं होतं. माझीही मूक संमती होती. घर राहणार म्हटल्यावर मला दुसरं काय हवं?

मॅडम म्हणाल्या, "भास्करभाऊ, मला एक परात द्या."

परातीत त्यांनी ओली माती थापली, एका बाजूनं उंच केली. बोटानं दोन ओघळी काढल्या. एक आमची. दुसरी आमच्या वरच्या अंगाला नामदेवआबांच्या मळ्यातली. ती आता नाही, आबांनी काही वर्षांपूर्वी पोकलँडनं बुजवून तिच्यावर केळी लावली. आमच्या ओघळीच्या काठावर मॅडमनी एक सुपारी ठेवली. "हे अक्कांचं घर." वरून तांब्यानं पाणी सोडलं. दोन वाटांनी पाणी निघून गेलं, सुपारी जागेवर. मग आबांची ओघळ बोटानं बुजवली आणि पुन्हा पाणी सोडलं. सगळं पाणी आमच्या ओघळीत, आणि सुपारीखालची माती ढासळायला लागली. आम्ही सगळे वाकून बघतोय. शेवटी त्यांनी आमचीही ओघळ बुजवली. पाणी सोडलं, तर ते पसरत पसरत वर चढलं आणि त्यानं सुपारी उचलून परातीच्या कडेला नेऊन टाकली.

नात म्हणाली, "आजी, घर गेलं."

भास्करनं सुपारी उचलली, पुसली. "मंग करू काय, मॅडम?"

"आबांची जुनी ओघळ मोकळी करायची. अर्धं पाणी तिकडून जाईल. इकडं आतून दगडांचे छोटे बांध घातले की काठ थांबेल."

भास्कर हसायला लागला. "आबा? आबा बांधावरचं गवत देत नाहीत कोणाले, ओघळ देतील?"

आम्ही सगळे गेलो आबांकडं. आबा ओट्यावर बसलेले, वय माझ्याहून थोडं जास्त. मॅडमनी सरकारी जुना नकाशा उघडला, त्यावर दोन ओघळी स्पष्ट. आबा म्हणाले, "कागदावर काय, कोनीबी रेघ ओढते. अठी कधी ओघळ नव्हतीच. बठ्ठं सपाट व्हतं." मॅडमनी वाद घातला नाही. त्यांची ती सवय नाही. त्या नकाशाची घडी घालायला लागल्या. मी मनात म्हटलं, आता गावातली खोली आलीच.

तेवढ्यात चहा घेऊन इंदूबाई बाहेर आल्या, आबांची बायको. माहेर धुळ्याकडचं. पन्नास वर्षं झाली इकडं येऊन, पण बोलणं तिकडचंच, अहिराणी. त्यांनी ट्रे खाली ठेवला आणि कमरेवर हात ठेवून आबांकडं वळल्या. "ओघळ नही व्हती? मंग लगीनना दिन आपली गाडी कोठे उलटनी व्हती? मना हिरवा चुडा बठ्ठा फुटी गया व्हता, तो काय सपाट जागावर?"

आबा म्हणाले, "तू गप वं."

"गप का? पन्नास वरीस गपच शे मी! वऱ्हाड वर हसी ऱ्हायनं आनि मी खाले चिखलमा. आनि आते म्हनतस ओघळ नही!"

भास्करनं तोंड फिरवलं. मॅडमची पोरं खाली बघून हसू दाबायला लागली. आबांनी कप उचलला, बशीत चहा ओतला, फुंकर मारली. हसू त्यांच्या मिशीतून निसटलंच.

दुसरं कोणी असतं तर तिथंच जिंकल्यासारखं बोललं असतं. मॅडम एवढंच म्हणाल्या, "आबा, गाडी कुठं उलटली ती जागा दाखवाल का मला? नकाशापेक्षा ते पक्कं."

आबा उठले. काठी घेतली. केळीच्या ओळी ओलांडत, हातानं पानं बाजूला करत पुढं गेले. आम्ही मागं. मधेच थांबून डावीकडं सरकले, मग काठी जमिनीत रोवली. "अठी. बैल त्या बाजूले, गाडी या बाजूले, आन् ही खाली." इंदूबाई मागून म्हणाल्या, "हां, आते आठवनं!" मॅडमनी नकाशा लावून पाहिला. जुन्या ओघळीचं सगळ्यात खोल ठिकाण तेच.

"दोन ओळी जातील माझ्या," आबा म्हणाले.

भास्कर म्हणाला, "आबा, त्या दोन ओळींचे घड माझ्या बागेतून न्या. दरवर्षी."

आबांनी त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. आम्ही या मळ्यात शेजारी राहून म्हातारे झालो. "अक्काचं घर जाऊ देऊ का मी?" असं म्हणाले. जणू बोलणं कधी वेगळं झालंच नव्हतं! इंदूबाई म्हणाल्या, पोकलँडपुढं नारळ मी फोडस. आबा म्हणाले, "नारळ मी फोडीन. गाडी माझी उलटली व्हती."

त्या उन्हाळ्यात तोच पोकलँड आला, पण काम मॅडमच्या खुणांवर चाललं. त्यांनी उन्हात उभं राहून चुन्याच्या रेघा मारून घेतल्या. आमच्याकडं दगडांचे बांध घातले, काठावर गवत लावलं. आणि पहिला मोठा पाऊस आला तेव्हा भास्कर पोतं डोक्यावर घेऊन दोन्ही ओघळींच्या मधल्या उंचवट्यावर जाऊन उभा राहिला. परत आला तो चिंब भिजून, पण चेहरा असा की त्याच्या लग्नातही तसा नव्हता. "आई, पाणी वाटून गेलं! निम्मं तिकडं, निम्मं इकडं!" कल्पनानं तेव्हाच खाटेच्या पायाची ओढणी सोडली आणि घडी करून ट्रंकेत ठेवली. आता नात अंगणभर पळते, आणि मी तिच्या मागं ओरडत असते. तो माझा रोजचा आनंद आहे.

माझ्या रेघांची वही मॅडमनी अहवालात घेतली. त्याच्या मराठी पानांची प्रत त्यांनी स्वतः आणून दिली आणि अंगणात बसून मोठ्यानं वाचून दाखवली. त्यात एका ठिकाणी छापलं आहे, मोजमाप करणाऱ्या: आणि पुढं माझं पूर्ण नाव. इंदूबाईंनी ते तीनदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "मना चुडानं नाव कोठे शे?" मॅडमनी पान उलटून दाखवलं. जुन्या ओघळीची जागा स्थानिक ज्येष्ठ दांपत्यानं निश्चित केली, असं तिथं लिहिलं होतं. आबा म्हणाले, "दांपत्य म्हनजे आपन दोघं. हसू नको."

मॅडमनी किती ओघळी मोजल्या, किती टेकड्यांचे अहवाल लिहिले, ते या ग्रंथात इतर मंडळी सांगतीलच. मला एवढंच सांगायचं की त्यांनी जमिनीची तपासणी केली ती माणसांना सोबत घेऊन. कोणाला अडाणी म्हटलं नाही, कोणाला हरवलं नाही. माझ्या गुडघ्यासाठी तेल पाठवतात, फोनवर आधी गुडघा विचारतात आणि मग ओघळ.

मी त्यांच्याहून वयानं मोठी, म्हणून हक्कानं बोलते. मॅडम, तुमचे पाय असेच खडखडीत राहोत, चढउतार करताना दम न लागो, डोळ्यांना लांबचा काठ स्पष्ट दिसो. आता कॉलेजातून सुट्टी मिळेल, पण जमिनीतून मिळणार नाही, ते तुम्हालाही नको आहे. शंभर पावसाळे बघा, आणि प्रत्येक पावसाळ्याला कोणी ना कोणी सळयांवर बोटं लावणारं भेटो.

परवा हा लेख कुठवर आला ते बघायला मुलं आली तेव्हा मॅडमही सोबत आल्या होत्या. ओघळीकडच्या खोलीला आम्ही नुकताच चुना दिला आहे, ती उघडून दाखवली. आमच्याकडं आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येतात, तेव्हा मी म्हटलं, यंदा तुम्हीही या. त्यांनी वही काढून लिहून घेतलं. आखाजीच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारपर्यंत येणार आहेत, आणि तीन दिवस त्याच खोलीत राहणार आहेत.